दादाच्या हातचा फिल्टर

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५. सकाळी ९.
कि.मी. ६५,९१०.

डायरी व्हेंडरने दिलेली आहे. पानं चांगली जाड. यंदा रोज लिहायचं. काल-परवा लिहिलं नाही, कारण सुरुवात सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आमच्या कंपनीत शुक्रवारी, केलेली बरी.

संकल्प एकच. दादाच्या गाडीचा ऑइल फिल्टर बदलणे. मी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स बघतो. दोनशे चौदा मशिन्स. प्रत्येकीवर 'इंद्रजीत' अशा माझ्या सहीचं स्टिकर, पुढच्या सर्व्हिसच्या तारखेसकट. एकही मशीन ओव्हरड्यू नाही. अशा माणसाला एका मोटरसायकलचा फिल्टर म्हणजे चहा पिता पिता होणारं काम.

गाडी मनीषदादाची. दादाला जाऊन वर्ष होऊन गेलं. वहिनींनी गाडी माझ्याकडे दिली ती फक्त सांभाळायला. आज फोनवर पुन्हा आठवण केली. भाऊजी, १९ मेला स्वराला अठरा पूर्ण होतात, मग गाडी तिची. पालघरच्या कॉलेजला तीच नेणार. तिच्या बापाची एवढी एकच वस्तू चालती आहे, तोवर जपा. मी म्हणालो, वहिनी, हे तुम्ही मेंटेनन्सवाल्याला सांगताय.

फिल्टर पुढच्या शुक्रवारी. नक्की.

शुक्रवार, १० जानेवारी. दुपारी ४.

आज फिल्टर. पण आधी अभ्यास. किती किलोमीटरला बदलायचा यावर जगात एकमत नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात एक आकडा आहे, पण ते पुस्तक कोऱ्या गाडीसाठी लिहिलेलं. यूट्यूबवरचा एक दाढीवाला म्हणतो, दर वेळी ऑइलसोबत. दुसरा दाढीवाला म्हणतो, एकाआड एक. सालवड नाक्यावरचा गॅरेजवाला अंकुश म्हणाला, येक सोडून येक टायमाला, साहेब, पन ऑइल तरी येळेवर टाकता ना? आमच्या बॉयलरवरचा कुंदन म्हणतो, साहब, चल रही है तो छेड़ना क्यों.

माझ्यासाठी शेवटचा शब्द दादाच्या वहीचा. दादा शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीत फिटर होता, पंचवीस वर्षं. वही तपकिरी कव्हरची. वीस नोंदी. तारीख, किलोमीटर, 'ऑइल + फिल्टर बदलले', खाली सही. दर तीन हजारांना. एकही चुकलेली नाही. शेवटची नोंद ६१,२०० ला. म्हणजे मी सतराशेच्या वर मागे आहे.

एक्सेल शीट केलं. तीन रंगांचं. त्यात दुपार गेली, पण शीट सुंदर झालंय.

गुरुवार, ३० जानेवारी.

महिनाअखेर. दोनशे चौदा चेकलिस्ट एका बैठकीत भरल्या. सगळीकडे 'फिल्टर साफ केला'. दोन निळी पेनं आणि एक काळं वापरतो, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी भरल्यासारखं दिसतं. मागच्या तारखा टाकायला हात सरावलाय. मशिन्स चालू आहेत, म्हणजे फिल्टर साफ असणारच.

दादाने असलं कधी केलं नसतं. या बाबतीत मला त्याची थोडी भीती वाटायची. अजून वाटते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ११.

बिल्डिंगखाली पेपर अंथरला, पाने मांडले. इंजिनच्या उजव्या अंगाला एक गोल झाकण, त्याला तीन बोल्ट, आत फिल्टर. प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका, अर्धा बोल्टवर आणि अर्धा झाकणावर. बोल्ट पक्का आवळल्याची खूण. बोल्ट जरा फिरला की ठिपका तुटतो आणि कळतं. दादाने घरच्या गाडीलाही ठिपके केले. आमच्या प्लांटमध्ये इतकं कोणी करत नाही. मीही नाही.

पाना लावला. ठिपक्याकडे बघून हात थांबला. हे झाकण दादाने शेवटचं बंद केलंय. आतला फिल्टर त्याच्या हातचा, ऑइल त्याच्या हातचं. ते ओतून टाकायचं म्हणजे कुठे ओतायचं, हाही प्रश्न आहे. गटारात ओतायचं का दादाने घातलेलं ऑइल?

शिवाय आठ नंबरचा पाना जरा ढिला बसतो. नवा आणावा लागेल. वर गेल्यावर बायकोने, ज्ञानेश्वरीने, विचारलं, झालं का? म्हणालो, इन्स्पेक्शन झालं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

मी भुतंखेतं मानत नाही. डिप्लोमा मेकॅनिकल आहे. खाली लिहितो ती फक्त नोंद.

इंजिन बंद केल्यावर गाडी बोलते. टक. टक. मग जरा थांबून, टक. दादाला सवय होती, काही बोलायच्या आधी टेबलावर नखाने वाजवायची. तसंच. काल नऊ, आज अकरा.

म्हटलं, विचारून बघू. सम आले तर फिल्टर बदलायचा, विषम आले तर नाही. बारावा टक ऐकू आला, पण तो तळमजल्यावरच्यांच्या पंख्याचाही असू शकतो. अकराच धरले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

पालघरला जाऊन नवा फिल्टर आणला. कागदी, डबीएवढा. दोन रबरी रिंगा सोबत. आठ नंबरचा पानाही. आता सबब उरली नाही, हे मी स्वतःलाच खडसावून सांगितलं.

येताना उमरोळीच्या पुढे गाडी आपोआप हळू झाली. ॲक्सिलरेटर मी कमी केलेला नव्हता. दादाही तिथे हळू करायचा, पुढे वळण आहे म्हणून. अंगावर काटा आला. उन्हात. दुपारी दोन वाजता.

घरी आल्यावर सतरा.

फिल्टर फ्रीजवर ठेवला.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

फ्रीजवरच्या फिल्टरला ज्ञानेश्वरीने हळदकुंकू वाहिलं. नवी वस्तू घरात आहे, राहून गेलं असं नको, म्हणाली. आता हळदकुंकू लागलेली वस्तू लगेच काळ्या तेलात बुडवायची हे बरं दिसत नाही. थोडे दिवस जाऊ देतो.

वहिनी आणि स्वरा जेवायला होत्या. स्वराने गाडीवर बसून बघितलं. दादासारखीच बसते, डावा खांदा किंचित खाली. मला म्हणाली, काका, ऑइल कधी बदललं? मी म्हणालो, सगळं शेड्यूलमध्ये आहे. खोटं नाही ते. शेड्यूलमध्ये आहेच.

मंगळवार, ८ एप्रिल. संध्याकाळी.

तेवीस. दादा हल्ली जास्त बोलतो.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ज्या दिवशी दादाला कामावर कळ आली, त्या दिवशी त्याच्या कंपनीतून मला फोन आला. बोईसरला दवाखान्यात नेलंय, या. मी रिक्षात बसलो आणि आधी त्यांच्या गेटवर गेलो. गाडी तिथे उन्हात उभी होती. चावी वॉचमनकडे. मला वाटलं, दादा बरा होऊन आला की पहिलं विचारणार, गाडी उन्हात का ठेवली. म्हणून मी गाडी घेतली, त्याच्या घरी नेली, जिन्याखाली सावलीत लावली. इंजिन बंद केलं. टक, टक वाजत होतं. मी उभा राहून ऐकत होतो. कशासाठी, माहीत नाही. मोजत होतो बहुतेक. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

भाऊ दवाखान्यात आणि मी गाडी सावलीत लावत होतो. मला दवाखान्यात जायची भीती वाटली, एवढंच खरं आहे.

हे पान फाडायचं आहे. उद्या.

शुक्रवार, २५ एप्रिल.
कि.मी. ६७,८७०.

पान फाडलं नाही. मागचं पानही सुटलं असतं.

इंजिनला खाली ऑइल बघायची गोल काच असते. महिन्यापूर्वी त्यात काळंकुट्ट दिसायचं. काळं म्हणजे ऑइल घाण उचलतंय, काम करतंय. आज वाकून बघितलं तर काहीच काळं नाही. काच स्वच्छ. ऑइल आपोआप निवळलं असावं. दादाने महागाचं घातलं असणार.

नाक्यावरून जाताना अंकुशने दुकानातून हात केला. आवाज नाय बरोबर, साहेब, दोन मिनटं थांबा, मी बघतो. मी म्हणालो, या गाडीला बाहेरचा हात कधी लागलेला नाही. तो म्हणाला, मंग घरचा तरी लागू द्या. उद्धट आहे.

शुक्रवार, ९ मे. दुपारी १.

सत्तेचाळीस. मी शेवटपर्यंत उभा होतो. सायलेन्सरच्या बाजूला पाय जवळ नेला तर पँट तापली. एवढं काय सांगायचं आहे त्याला?

विषम आहे. म्हणजे फिल्टर नको.

दहा दिवस राहिले. प्लॅन असा: स्वराला गाडी द्यायच्या आधी १८ तारखेला, रविवारी, अर्धी रजा टाकून फिल्टर. त्याआधी १६ ला एकदा दातिवऱ्याला जाऊन यायचं. दादा मला महिन्यातून एकदा न्यायचा, ताजी मासळी आणायला. जाताना बोलायचा नाही, येताना बोलायचा नाही. मला ते फार आवडायचं. शेवटची फेरी दोघांनी करावी.

'दोघांनी' लिहिलंय ते तसंच राहू दे.

शुक्रवार, १६ मे. संध्याकाळी ७.

सफाळ्यापर्यंत उत्तम. गाडी गरम होती, पण मे महिना आहे. सफाळे सोडून दातिवऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि इंजिनातून असा आवाज आला की कोणीतरी दात खातंय. वेग कमी होत गेला. मी म्हणालो, दादा, वळण नाहीये इथे. मग मागचं चाक जाम झालं, गाडी घसरत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. मला लागलं नाही. किक खाली जाईना. उभा राहिलो तरी जाईना.

एक बर्फाचा टेम्पो आला. टेम्पोवाला नामदेव, दातिवऱ्याचाच. वाकून काच बघितली आणि म्हणाला, आवो, ऑइलचा थेंब नाय हिच्यात, बघत नवता का तुमी? काय काम करता? मी म्हणालो, क्लार्क आहे.

त्याने गाडी मागे बर्फाच्या लाद्यांमध्ये चढवली. मीही मागेच बसलो. इंजिनला कान लावला. एवढी तापलेली गाडी, आणि एक टक नाही. पूर्ण रस्ता विचारत होतो. दादा, स्वराला काय सांगू. काही नाही.

अशा रीतीने दातिवऱ्याला पोचलो. बर्फ उतरवून नामदेवने परत सालवडला सोडलं, थेट अंकुशच्या दुकानासमोर. अंकुशने काच बघितली आणि गाडी आत घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, १७ मे. दुपारी.

रजा टाकली. अंकुशला अट घातली, गोल झाकण माझ्यासमोर उघडायचं. आतला फिल्टर फेकायचा नाही, माझ्या भावाने घातलेला आहे, मी घरी नेणार.

अंकुशने पाना लावायच्या आधी बोल्ट पुसले, ठिपके बघितले, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, साहेब, यो कलर कंपनीचा हाय. गाडी बनते तवाच लावतात. तिन्ही शाबूत हायत. हे झाकन आजवर कोनी खोललाच नाय.

मी वही दाखवली. वीस नोंदी. वीस सह्या. त्याने हात पुसून वही घेतली, नीट वाचली, परत दिली. मग झाकण उघडलं. आतून डांबरासारखं काहीतरी निघालं. कागद होता म्हणे आधी. त्यावर कंपनीचा छाप अजून वाचता येत होता. पयलाच हाय, म्हणाला. ऑइल बदलत असतील, फिल्टरला हात नाय लावला.

मी म्हणालो, शक्य नाही. अंकुश म्हणाला, बरं.

बोअर, पिस्टन, सगळं गेलंय. दहा-बारा दिवस लागतील.

फिल्टर पिशवीत घालून आणला. फ्रीजवर ठेवायला ज्ञानेश्वरीने नकार दिला.

सोमवार, १९ मे. स्वराचा वाढदिवस.

वहिनींना सगळं खरं सांगायचं ठरवून गेलो. पेढे नेले. सांगायला वीस मिनिटं लागली, त्यातली अठरा फिल्टरवर गेली. शेवटी म्हणालो, गाडी मी मारली, वहिनी. तुम्ही जपायला दिली होती आणि मी मारली.

स्वरा उठून आत गेली. ते मला सहन झालं नाही.

वहिनी वही चाळत बसल्या. मग म्हणाल्या, भाऊजी, ते झाकण यांनी कधी उघडलंच नाही. पहिल्या वेळी बोल्ट सैल होईना, तेव्हाच नाद सोडला. ऑइल दहा मिनिटांत बदलायचे. मग पेपर अंथरून गाडीशेजारी आडवे व्हायचे, एक वाजेपर्यंत. कोणी काम सांगायला हाक मारली की म्हणायचे, फिल्टर खोललाय, उठता येत नाही.

मी विचारलं, मग वहीत का लिहायचे?

वहिनी म्हणाल्या, मीही विचारलं होतं. म्हणाले, इंद्रजीत आला की वही बघतो. त्याला जरा शिस्त लागू दे.

स्वरा दारात येऊन ऐकत होती. म्हणाली, म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना फसवत होतात, काका. डोळे पुसलेले होते, पण बोलताना थोडं हसली. मग म्हणाली, गॅरेज कुठे आहे ते दाखवा, मी जाऊन बसते तिथे. तुमच्या भरवशावर नाही आता.

बरोबर आहे तिचं.

शुक्रवार, ३० मे. सकाळी.

गाडी झाली. स्वरा रोज गॅरेजला होती. नवा फिल्टर तिने स्वतःच्या हाताने बसवला, पाडव्याचा, हळदकुंकवासकट. अंकुशला विचारून घेतलं, किती किलोमीटरला. येक सोडून येक टायमाला, आणि काच दर आठवड्याला बघायची. तिने मोबाईलमध्ये टाकलं. माझं एक्सेल शीट देऊ केलं, तर म्हणाली, नको.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत एक चक्कर मारून आली, इंजिन बंद केलं. टक. टक.

मी मोजायला लागलो. तिने बघितलं आणि विचारलं काय झालं. मी म्हणालो, ऐक. ती म्हणाली, काय, सायलेन्सर? गार होताना वाजतो तो, काका. लोखंड आकसतं. पप्पांनी मला दुसरीत असताना सांगितलं होतं. अंकुशही म्हणाला, सगल्याच गाड्यांचा वाजतो, साहेब.

डिप्लोमा मेकॅनिकल.

सहापर्यंत मोजलं होतं. मग तिचं लायसन्स अजून यायचंय म्हणून अंकुशच चालवायला बसला, ती मागे बसली आणि दोघं गाडी वहिनींच्या घरी पोचवायला गेले. मी चालत घरी आलो. बिल्डिंगखाली गाडीची जागा रिकामी आहे. ज्ञानेश्वरी म्हणाली, सायकल लावू का तिथे आपली? म्हणालो, लाव.

मंगळवार, ३ जून. दुपारी ३, घरी.

कंपनीच्या बसने गेलो. बसमध्ये शेजारी कुंदन. वर्षभरापूर्वीच लागलाय, दादा त्याला माहीत नाही. त्याने विचारलं, साहब, आज गाड़ी नहीं? मी म्हणालो, भाई की थी. मग म्हणालो, भाई गुज़र गया. एवढं बोललो आणि रडायला लागलो. आवाज करून. मला थांबवता येईना. दादा गेला तेव्हा मी रडलो नव्हतो, गाडी कुठे लावायची ते बघत होतो. कुंदनने माझा डबा हातातून घेतला आणि पाठीवर हात ठेवून बसला.

कंपनीत पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. प्लांटचे मोठे साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, अहो, अशा दिवशी कामावर कशाला आलात, घरी जा. तीन दिवसांची दुखवट्याची पगारी रजा असते, एचआरला फॉर्म भरा. मला मधे काही बोलताच आलं नाही.

एचआरच्या मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्ममध्ये चार रकाने. नाव लिहिलं. नातं लिहिलं. तिसरा रकाना, निधनाची तारीख. कालची टाकली असती तर कोणी तपासलं नसतं. इतकी वर्षं मशिन्सच्या तारखा मी अशाच टाकल्या. पेन टेकवलं.

२१ नोव्हेंबर २०२३.

ही तारीख मी आजवर कुठेही लिहिलेली नाही. तेव्हाचे सगळे कागद वहिनींच्या भावाने भरले होते.

मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. हळूच म्हणाल्या, सर, याला दीड वर्ष झालं. मी म्हणालो, हो.

रजा नामंजूर. हाफ डे लागला.